उद्दिष्ट आणि ताळा

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आपल्याकडील व्यापारी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखतात आणि 'शुभ' व 'लाभ' हे दोन शब्द लिहितात. या शब्दांच्या क्रमाकडे आपले क्वचितच लक्ष जाते. लाभ म्हणजे किती मिळाले ते. शुभ म्हणजे ते कोणत्या मार्गाने आणि कोणत्या परिणामांसह मिळाले ते. वहीची उरलेली पाने मात्र लाभाच्याच आकड्यांनी भरतात आणि शुभाचा उल्लेख पहिल्या पानावरच राहून जातो. धंद्यात ठरविलेल्या उद्दिष्टाशी प्रत्यक्ष कामगिरी ताडून पाहणे, हा आजच्या लेखाचा विषय. तो केवळ कारखानदारांचा किंवा सनदी हिशेबनिसांचा आहे, असे वाचकांनी समजू नये. आपल्या पेडणे-डिचोलीकडील कित्येक घरांच्या सुखदुःखाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

जुन्या अंकगणितात उदाहरण सोडविल्यावर त्याचा 'ताळा' पाहण्याची रीत होती. उत्तर आले एवढ्यावर गुरुजी समाधान मानीत नसत; ते बरोबर आहे याची खूण पटवावी लागे. जमाखर्च काय घडले ते सांगतो, उद्दिष्ट काय घडावे ते सांगते आणि या दोहोंतील अंतर उघडे करून त्याचे कारण विचारणे हा ताळा होय. पुष्कळ धंद्यांत जमाखर्च चोख असतो, उद्दिष्टेही मोठी असतात; पण मधला हा ताळाच नसतो. मग वर्षअखेरीस नुकसान दिसते खरे, परंतु तोवर वर्ष निघून गेलेले असते.

ही विद्या पाश्चात्त्यांकडून आली असा एक समज आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ साली व्यवस्थापनावरील आपल्या ग्रंथात उद्दिष्टांनुसार कारभार करण्याची कल्पना मांडली आणि पुढे ती जगभर गेली, हे खरे. परंतु मराठी राज्याचे दफ्तर पाहिले तर तिची मुळे आपल्या अंगणातही सापडतात. पेशवाईत परगण्याच्या वर्षाच्या जमेचा आणि खर्चाचा आधी अजमास होत असे. त्याच्या यादीला बेहेडा म्हणत. कमाविसदाराने किंवा मामलतदाराने त्या आधारे कारभार करावा आणि वर्षाअंती हुजुरास हिशेब समजावून द्यावा, अशी पद्धत होती. यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे दरकदारांची योजना. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस हे अधिकारी हुजुरातून नेमलेले असत. मामलतदाराला त्यांना परस्पर काढून टाकता येत नसे. ज्याच्या कामाचे मोजमाप व्हावयाचे, त्याच्या हाती मापाची दोरी द्यावयाची नाही, हे तत्त्व त्या व्यवस्थेत होते.

हीच व्यवस्था दुसऱ्या बाजीरावाच्या काळात कशी ढासळली, तेही पाहण्याजोगे आहे. त्याने महाल मक्त्याने देण्याचा प्रघात वाढविला. जो अधिक रक्कम बोलेल त्याच्याकडे मामलत जाऊ लागली. उद्दिष्ट एकच उरले, आणि ते म्हणजे ठरलेला ऐवज. तो रयतेकडून कसा आला, गावे वसली की ओस पडली, पुढल्या हंगामाला बियाणे उरले की नाही, हे विचारणारा कोणी राहिला नाही. मक्तेदारानेही मग पोटमक्तेदार नेमले आणि त्यांनी तोच भार गावावर टाकला. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखासंबंधी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीने झालेल्या रयतेच्या नागवणुकीचे वर्णन आहे. एल्फिन्स्टन विजेत्यांचा माणूस, हे ध्यानात ठेवूनही त्याच्या निरीक्षणाचे महत्त्व कमी होत नाही. आकडा पुरा होत होता, आणि राज्य मात्र आतून पोखरले जात होते.

आता इतिहासातून काजूच्या कारखान्यात येऊ. आपल्या बाजूच्या बोंडवांना ते फार दूर नाही. काजूची बी वाळवून साठवावी, वाफेवर घ्यावी, पुन्हा सुकू द्यावी, मग हातापायांच्या यंत्रावर एकेक फोडून गर काढावा, तो भट्टीत वाळवून साल सोलावी, निवडावा आणि डब्यांत भरावा, असा हा सारा व्यवहार. टरफलातील तेल कातडी भाजणारे असते, म्हणून फोडणाऱ्या बायका हातांना तेल किंवा राख लावतात. सामान्यपणे १०० किलो बियांतून २५ किलोंच्या आसपास गर मिळतो. त्यात आख्ख्या गराला सर्वांत अधिक भाव. पाकळी आणि तुकडा यांना त्याहून कमी. व्यापारात ज्याला '३२०' म्हणतात, तो एका पौंडात ३०० ते ३२० दाणे भरतील असा आख्खा गर होय. '२४०' म्हणजे त्याहून टपोरा आणि म्हणून महाग.

समजा, अशा एका लहान कारखान्याने महिन्याला ४,००० किलो बी फोडून १,००० किलो गर काढण्याचे उद्दिष्ट ठरविले. त्यात ७०० किलो आख्खा आणि ३०० किलो पाकळी-तुकडा, असा अंदाज. हिशेबाच्या सोयीसाठी आख्ख्याचा भाव किलोला ८०० रुपये, फुटक्याचा ६०० रुपये आणि बियांची खरेदी १२० रुपयांनी धरू. विक्रीचे ७,४०,००० रुपये येतील, बियांचे ४,८०,००० जातील आणि मजुरी, सरपण व इतर खर्च भागविण्यास २,६०,००० रुपये हाती राहतील. आता मालकाने, काम वाढावे म्हणून, अधिक किलो फोडणारीस बक्षीस जाहीर केले. हात भराभर चालू लागले. महिनाअखेर ४,४०० किलो बी फुटली आणि गर निघाला १,१०० किलो. उद्दिष्टाहून १० टक्के अधिक! फळ्यावर हा आकडा लिहिताना कोणालाही आनंद व्हावा. पण घाईने फोडलेला गर अधिक तुटतो. आख्खा निघाला ५५० किलो आणि फुटका ५५० किलो. विक्री झाली ७,७०,००० रुपयांची. बियांचा खर्च गेला ५,२८,००० वर. हाती राहिले २,४२,०००. म्हणजे उद्दिष्ट ओलांडले आणि तरी १८,००० रुपये कमी मिळाले. बक्षिसाची रक्कम आणि वाढीव मजुरी अद्याप वजा व्हावयाचीच आहे.

या उदाहरणात त्या बायकांचा काडीचाही दोष नाही. जे मोजले गेले तेच त्यांनी वाढविले. माणसाचा हा स्वभावच आहे, आणि तो ओळखणे हे मोजणाऱ्याचे कर्तव्य आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार आज त्याच्याच नावाने नियम म्हणून ओळखला जातो. त्याचा व्यवहारातला मथितार्थ असा, की एखादे माप हेच साध्य होऊन बसले, की ते चांगले माप राहत नाही. त्यावर उपाय म्हणजे माप टाकून देणे नव्हे. एका मापाला दुसऱ्या मापाची जोड देणे. किलोंच्या शेजारी आख्ख्या गराचे प्रमाण लिहिले असते, तर दुसऱ्या दिवशीच घोटाळा ध्यानात आला असता. कॅप्लान आणि नॉर्टन या अमेरिकन अभ्यासकांनी १९९२ साली हेच पद्धतशीरपणे मांडले. केवळ पैशाकडे न पाहता गिऱ्हाईक काय म्हणते, अंतर्गत काम कसे चालते आणि संस्था नवे काय शिकते, या बाजूंनीही धंदा पाहावा, असे त्यांचे सांगणे.

दुसरी गोष्ट वेळेची. काजूचा हंगाम साधारणपणे मार्च ते मे. वर्षभर फोडावयाची बी त्या तीन महिन्यांतच घेऊन ठेवावी लागते. ओली बी घेतली गेली, हे जर आपल्याला दिवाळीत कळले, तर त्या ज्ञानाचा उपयोग फक्त हळहळण्यापुरता. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या ताळ्याला स्वतःचा वेळ असतो. बियांचा ओलावा खरेदीच्या क्षणी पाहावयाचा. आख्ख्याचे प्रमाण रोज संध्याकाळी. उधारीची वसुली आठवड्याला. हाती असलेली रोकड आणि नफा महिन्याला. आणि मूळ उद्दिष्टच योग्य आहे का, हा प्रश्न वर्षातून एकदा. यांतील काही मापे परिणाम सांगतात, काही कारण सांगतात. नफा हा परिणाम; बी नीट सुकली की नाही, हे कारण. परिणामाच्या आकड्यावर कितीही डोळे वटारले तरी तो बदलत नाही. कारणावर हात ठेवला, तर तो आपोआप बदलतो.

आम्हां शिक्षकांना हे नवे नाही. प्रगतिपुस्तक सहामाहीत घरी जाते ते अशासाठी, की वार्षिक परीक्षेपूर्वी काही करता यावे. आणि शाळेच्या निकालाची टक्केवारी हेच जेथे एकमेव उद्दिष्ट होते, तेथे कच्च्या मुलाला शिकविण्यापेक्षा त्याला परीक्षेपासून दूर ठेवणे सोपे वाटू लागते, हेही शिक्षणक्षेत्रातील सर्वांना ठाऊक आहे. शंभर टक्क्यांच्या निकालाकडे पाहताना, नववीच्या वर्गात किती मुले होती आणि त्यांतील किती दहावीच्या परीक्षेस बसली, हा दुसरा आकडा अवश्य विचारावा.

ही चूक फक्त लहान ठिकाणी होते असेही नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो या बलाढ्य बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांपुढे उद्दिष्ट ठेवले होते, की प्रत्येक गिऱ्हाइकामागे बँकेच्या आठ सेवा असाव्यात. शाखाशाखांतून या आकड्याचा तगादा सुरू झाला. तो पुरा करण्यासाठी कर्मचाऱ्यांनी गिऱ्हाइकांना न विचारता त्यांच्या नावे लक्षावधी खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये हे प्रकरण उघड होऊन बँकेला १८.५ कोटी डॉलरांचा दंड झाला. तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले होते. कागदावर उद्दिष्टाकडे वाटचाल होत होती. ज्या विश्वासावर बँक उभी असते, तो मोजण्याचे कोष्टक मात्र कोठेच नव्हते.

आता आपल्या दारातील उदाहरण. डिचोलीच्या वाचकांना ते सांगावयास नको. पण उद्दिष्ट आणि ताळा या दृष्टीने त्याकडे पाहावयास हवे. लोहखनिजाच्या धंद्यात एकच आकडा सर्वांच्या तोंडी होता, तो म्हणजे टन. किती टन काढले, किती मांडवीतून बार्जने बंदराला गेले, किती जहाजात चढले. चीनची मागणी वाढली, पूर्वी टाकाऊ मानलेला कमी प्रतीचा मालही जाऊ लागला, आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून होणारी निर्यात वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास पोहोचली. उद्दिष्टे पुरी होत होती. परंतु पट्ट्याची मुदत, खाणीची हद्द, शेतात उतरणारा गाळ, आटणारी विहीर, रस्त्यावरची धूळ यांची मोजदाद त्या आकड्याच्या शेजारी कोणी मांडली नाही. निदान ज्यांनी मांडावयास हवी होती, त्यांनी मांडली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. पाच वर्षे टनांचा हिशेब लिहिला जात होता. तारखेचा ताळा मात्र राहून गेला होता.

त्याच निकालातील एक गोष्ट फार विचार करण्याजोगी आहे. न्यायालयाने वर्षाला २ कोटी टन ही उत्खननाची कमाल मर्यादा तूर्त घातली आणि विक्रीच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवावयास सांगितला. उद्दिष्ट म्हटले की 'एवढे तरी झालेच पाहिजे' हेच आपल्या मनात येते. 'याच्या पलीकडे जावयाचे नाही' हेही उद्दिष्ट असू शकते, ही जाणीव या निकालाने दिली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये जे पहिले खनिजपट्टे लिलावाने देण्यात आले, त्यांत डिचोलीचाही होता.

या सर्व काळात जो खरा भरडला गेला, तो ट्रकमालक. त्याचाही एक हिशेब होता: दिवसाला इतक्या खेपा, खेपेला इतके रुपये, महिन्याला बँकेचा इतका हप्ता. हिशेब चुकीचा नव्हता. एका ट्रकाच्या मिळकतीवर दुसरा ट्रक घेणाऱ्याला कोणी आळशी किंवा बेहिशेबी म्हणू शकणार नाही. पण त्याच्या वहीत एक ओळ नव्हती: खेपा थांबल्या तर किती महिने हप्ता भरता येईल? ती ओळ असती तर खाणी बंद पडल्या नसत्या असे नाही. दुसरा ट्रक घेताना हात मात्र क्षणभर अडखळला असता. अंगणात उभ्या राहून गंजणाऱ्या गाड्या आणि घरावरचे कर्ज ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या एका ओळीची किंमत समजेल.

आणि म्हणूनच पेडण्याकडे पाहून हे लिहावेसे वाटले. मोप येथील विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमानांची ये-जा सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. अशा ठिकाणी टॅक्सी घ्यावी, घराला लागून चार खोल्या बांधाव्यात, खाणावळ काढावी, असे तरुणांना वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यांनी तसे करावेही. परंतु ४४ लाख हा विमानतळाचा आकडा आहे, आपला नव्हे. आपला आकडा म्हणजे महिन्यातील किती दिवस खोली भरलेली असेल, पावसाळ्यात किती, आणि किती दिवस भरली तर हप्ता सुटतो. दुसऱ्याच्या मोठ्या उद्दिष्टावर आपले छोटे उद्दिष्ट बांधणारा मनुष्य त्या दुसऱ्याच्या नशिबाशीही बांधला जातो. डिचोलीने हा धडा फार महागात घेतला. पेडण्याने तो फुकटात घ्यावा.

मग करावे काय? मोठी यंत्रे किंवा सल्लागार नकोत. महिन्याला वहीचे एक पान पुरे. त्यावर पाच रकाने आखावेत: ठरले किती, झाले किती, फरक किती, फरकाचे कारण काय, आणि त्यावर कोणी कधीपर्यंत काय करावयाचे. पहिले तीन रकाने कोणीही भरील. धंदा तरतो तो शेवटच्या दोन रकान्यांवर. ओळी पाच-सहाच असाव्यात, कारण पन्नास गोष्टी मोजणारा एकही नीट पाहत नाही. परिमाणाच्या प्रत्येक ओळीखाली गुणाची एक ओळ असावी: किती गर, आणि त्यात आख्खा किती, किती उतारू, आणि त्यांतील किती पुन्हा आले. शेवटची ओळ कायमची असावी: उत्पन्न आज थांबले तर किती महिने निभाव लागेल? तीन महिन्यांच्या खाली तो आकडा आला, तर नवे कर्ज काढावयाचे नाही, अशी रेघ आधीच मारून ठेवावी. मोह समोर उभा राहिल्यावर मारलेली रेघ सरळ येत नाही.

शिवाय हे पान दुसऱ्या कोणाला तरी दाखविण्याची सवय ठेवावी. आपल्या देवस्थानांचे महाजन वर्षाचे अंदाजपत्रक आणि हिशेब तयार करून मामलेदाराच्या तपासणीस सादर करतात. १९३३ च्या देवस्थान नियमावलीपासूनची ही शिस्त आहे. देवाच्या पैशाचा हिशेब जर त्रयस्थाला दाखवावा लागतो, तर माणसाने आपल्या घरच्या धंद्याचा दाखविण्यात कमीपणा का मानावा? घरातील शिकलेली सून, बँकेतून निवृत्त झालेला मामा, कोणीही हा दरकदार होऊ शकेल. अट इतकीच, की खरे बोलल्याबद्दल त्याच्यावर आपण रागावू नये.

कारण अखेर प्रश्न आकड्यांचा नाही, धैर्याचा आहे. ठरल्याप्रमाणे झाले नाही, हे स्वतःच्या अक्षरात लिहिणे मनुष्याला जड जाते. म्हणून तो मापच बदलतो, किंवा पाहणे टाळतो, किंवा पुढल्या महिन्यावर ढकलतो. पण उणा आलेला फरक ही नामुष्की नसून सूचना आहे. नांगर दगडाला लागल्यावर होणाऱ्या आवाजासारखी. बैल थांबवून दगड काढणारा शेतकरी थोडा उशिरा घरी जातो, पण त्याचा फाळ शाबूत राहतो. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेस वाचकांनी हे पाच रकान्यांचे पान आखून पाहावे. त्यात लाभ किती ते तर दिसेलच. शुभ किती, तेही हळूहळू दिसू लागेल.